घरगुती श्रवणकक्षातील ध्वनिवर्धक

घरगुती श्रवणकक्षासाठी ध्वनिवर्धकांची, म्हणजेच स्पीकरची, निवड व मांडणी हा उपयोजित ध्वनिशास्त्राचा विषय आहे. श्रोत्याच्या कानावर थेट ध्वनीबरोबरच भिंती, छत व फरशीवरून परावर्तित झालेला ध्वनीही पडतो. त्यामुळे एकच ध्वनिवर्धक दोन खोल्यांत वेगवेगळा वाजतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत खोलीखेरीज दमट हवा आणि भूकंपाचे धक्के यांचाही विचार करावा लागतो.

खोली आणि खर्ज

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक वारंवारतांचे स्थायी तरंग निर्माण होतात. त्यांतील सर्वांत खालची वारंवारता ध्वनीच्या वेगाला भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागल्यास मिळते. ३० अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. त्यानुसार ४.२ मीटर लांब व ३.३ मीटर रुंद खोलीत ४२ आणि ५३ हर्ट्झला, तसेच त्यांच्या पटींना, आवाज घुमतो. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ वारंवारता सुमारे ६९ हर्ट्झ असते. डग्ग्याची घुमकही याच टापूत येते. म्हणूनच लहान खोलीत काही खर्ज स्वर फुगतात, तर काही जवळजवळ नाहीसे होतात. अशा खोलीत उंच, बहुशंकू ध्वनिवर्धकापेक्षा स्टँडवरचा मध्यम आकाराचा ध्वनिवर्धक बहुधा सरस ठरतो, मग त्याची किंमत निम्मी का असेना.

भिंतींचे साहित्यही महत्त्वाचे असते. वारली घरांतील कारवीच्या, शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती हलक्या असल्याने खर्ज ध्वनी त्यांतून बराचसा बाहेर निघून जातो. घुमणे कमी होते, पण शेजाऱ्यालाही गाणे ऐकावे लागते. काँक्रीटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या खोलीत याच्या उलट घडते.

मांडणी

दोन ध्वनिवर्धक आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण हा नेहमीचा आरंभबिंदू होय. उच्च स्वरांचा घटक बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर असावा. ध्वनिवर्धकाच्या मागच्या भिंतीवरून परतणारा ध्वनी, ते अंतर तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असते तेव्हा, मूळ ध्वनीला छेद देतो. एक मीटर अंतरावर हे सुमारे ८७ हर्ट्झला घडते. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज वाढतो, पण स्पष्टता घटते. श्रोत्याची जागा खोलीच्या नेमक्या मध्यावर नसावी, कारण लांबीच्या दिशेचा पहिला स्थायी तरंग तेथे जवळजवळ ऐकू येत नाही.

बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेल्यास, श्रोत्याला त्यात जेथे ध्वनिवर्धक दिसतो ते पहिल्या परावर्तनाचे ठिकाण असते. तेथे गोधडी टांगल्यास उच्च स्वरांचा कर्कशपणा कमी होतो. खर्जावर मात्र तिचा परिणाम होत नाही. त्यासाठी कित्येक सेंटिमीटर जाडीचे शोषक लागतात.

दमट हवा

शंकूभोवतीची पॉलियुरेथेन फोमची कड उष्ण व दमट हवेत जलविच्छेदनाने ठिसूळ होऊन तुटते. किनारपट्टीवर रबराची कड अधिक टिकते. पुण्यात केडन्स या नावाने तयार झालेल्या संकरित ध्वनिवर्धकांसारख्या स्थिरविद्युत प्रकारात पातळ पडद्यावर उच्च विद्युतदाब असतो. दमटपणा व धूळ यांमुळे त्यातील विद्युतभार गळू शकतो. पावसाळ्यात अशी खोली कोरडी ठेवणे गरजेचे असते.

भूकंपाचे धक्के

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपांची दीर्घ मालिका नोंदली गेली. घरांना तडे गेले आणि अनेक कुटुंबांनी रात्री तंबूंत काढल्या. अरुंद व उंच ध्वनिवर्धक अशा वेळी मुलांच्या अंगावर कोसळू शकतो. त्याचा तळ रुंद असावा आणि वरचा भाग पट्ट्याने भिंतीला बांधावा. टोकदार धातूचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरतात, म्हणून त्यांऐवजी रबरी पाय वापरावेत. स्टँडच्या पोकळ खांबात कोरडी वाळू भरल्यास त्याचे कंपन कमी होते आणि तळही जड राहतो. समुद्रावरची खारी वाळू वापरल्यास मात्र लोखंड गंजते.