नरूपासून दिग्यापर्यंत

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. एरवी बापाच्या ओळखीनं बदली कामगार म्हणून साच्यावर उभी राहिली असती, ती पोरं नाक्यावर उभी राहिली आणि टोळ्यांना आयती मिळाली.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) नाटकानं ही पोरं चाळीतल्या एका खोलीतून दाखवली. लेखक व्हायला निघालेला बाबा, क्रिकेटवेडा मोहन आणि भाईगिरीला लागलेला नरू. तिघेही एकाच आईच्या हातचं जेवणारे. त्यामुळे नरूचा राग येतो तितकाच जीवही तुटतो. दोन वर्षांनी महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ हा चित्रपट आला. पावभाजीच्या गाडीवरच्या भांडणातून रघूच्या हातून खून होतो आणि परतीचा रस्ता बंद होतो. ‘अधांतर’च्या रंगमंचावरचा संजय नार्वेकर इथे देढफुट्या झाला. शेवटी आईच रघूला गोळी घालते. २०१० मध्ये मांजरेकरांनी ‘अधांतर’वरून ‘लालबाग परळ’ केला आणि नाटकाच्या खोलीबाहेरचे गिरणीमालकही पडद्यावर आणले.

मग २०२२ मध्ये ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’. कथा पवारांचीच, ते मात्र आदल्या वर्षी गेले होते. दिग्या आणि इलियास ही अजून मिसरूड न फुटलेली पोरं. ट्रेलरमधल्या अल्पवयीनांच्या लैंगिक दृश्यांवर राष्ट्रीय महिला आयोगानं आक्षेप घेतला, आणि चर्चा तिथेच अडकली. चित्रपटानंही रक्त इतकं जवळून दाखवलं, की पोरं तिथवर कशी आली हे धूसर झालं. नरूच्या बाबतीत ते लख्ख दिसत होतं.

या पंचवीस वर्षांत रंगमंचावरच्या आणि पडद्यावरच्या गुन्हेगाराचं वय खाली आलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर घृणास्पद गुन्ह्यांसाठी प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. गिरण्यांच्या जमिनींबाबत उलट घडलं, नियम सैल झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत शहराला आणि गृहनिर्माणाला ठरवून दिलेला वाटा २००१ च्या बदलानं आकसला, आणि तिथे मॉल-मनोरे चढले. दिग्यानं केलेल्या गुन्ह्याचा जाब त्याच्याकडून घ्यायलाच हवा. पण ज्यांनी त्याच्या वाट्याचं काम आणि जमीन विकली, त्यांनाही त्याच पिंजऱ्यात उभं करणारा चित्रपट मराठीत पुन्हा व्हायला हवा.