आकाशातली धूळ वेचणारे ब्राउनली

डोनाल्ड ब्राउनली (जन्म १९४३), युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन, सिएटल. १९७०च्या दशकात त्यांनी नासाच्या यू-२ विमानांवर सिलिकॉन तेल लावलेल्या पट्ट्या बसवून सुमारे २० किलोमीटर उंचीवर अंतराळातले धूलिकण पकडले. (हेरगिरीसाठी बनवलेल्या विमानाचा इतका निरुपद्रवी उपयोग क्वचितच झाला असेल.) मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे हे कण ‘ब्राउनली कण’ म्हणून ओळखले जातात.

पुढे ते ‘स्टारडस्ट’ मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ झाले. १९९९मध्ये निघालेले हे यान २ जानेवारी २००४ रोजी ‘विल्ट-२’ धूमकेतूजवळून गेले. सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने आदळणारी धूळ एरोजेल या अतिहलक्या पदार्थात रुतली आणि १५ जानेवारी २००६ रोजी नमुन्यांची कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. खरी गंमत त्यानंतरची. धूमकेतू सूर्यापासून दूर, गोठवणाऱ्या थंडीत जन्मतात. पण या धुळीत प्रखर उष्णतेतच घडणारी खनिजे निघाली! म्हणजे बाल्यावस्थेतल्या सूर्यमालेत सूर्याजवळचा माल थेट बाहेरच्या टोकापर्यंत पोहोचला होता. ब्राउनलींसाठी हा मोठा धक्का होता.

२००९मध्ये याच नमुन्यांत ग्लायसीन हे अमिनो आम्ल सापडल्याचे जाहीर झाले. ३२५९ क्रमांकाच्या लघुग्रहाला ब्राउनलींचे नाव आहे.