ऑइल इंजिनाचा ठोका का चुकतो ?

गव्हाचा दाणा भरत असता विहिरीवरील डिझेल इंजिन अधूनमधून ठोका चुकवू लागल्यास पाण्याची पाळी लांबते व दाणा बारीक राहतो. अशा वेळी इंजिन खोलण्याची घाई करू नये. प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. चाल सुधारल्यास झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. न सुधारल्यास इंजिन थांबवून टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढावा आणि फिल्टर तपासावा. नंतर फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. बुडबुडे पुन्हा आल्यास नळीचे सांधे व वॉशर पाहावेत. तरीही दोष न गेल्यास नोझल कारागिराकडून तपासून घ्यावे. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते.