मांड पक्की, कंबर मोकळी

आदिलाबादकरांना शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि तिचा घोडेबाजार परिचित आहे. रेवाल चालीच्या घोड्याला जाणकार मान देतात, कारण त्या चालीत स्वाराला हिसका बसत नाही. दुडकी चाल निराळी. तीत तिरप्या जोडीतील पाय एकदम पडतात आणि प्रत्येक ठोक्याचा धक्का स्वाराच्या कण्याला पोहोचतो. म्हणूनच एका ठोक्याला उठावे, दुसऱ्याला अलगद बसावे.

नवशिका मात्र रिकिबीत चवड्यांवर उभा राहतो, लगामाला लोंबकळतो. तोल जातो, घोड्याचे तोंडही दुखावते. कंबर धरल्यामुळे घोडा सोडू पाहणाऱ्याला मी आधी बैठक सुधारण्यास सांगेन. बसताना कान, खांदा, खुबा व टाच एका रेषेत असावीत. उठणे खुब्यातून व्हावे. घोड्याची उसळीच कंबरेला पुढे नेते. वर्तुळात फिरताना घोड्याचा बाहेरील पुढचा पाय पुढे जाताच उठावे.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्यांखालील पाय निकामी झाले. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले. स्वाराचा तोल पावलांत नव्हे, मांडेत असतो, याहून मोठा दाखला कोणता?