हीथ्रोहून लंडन शहरात : कोणती गाडी?

टर्मिनल आधी, गाडी नंतर. हीथ्रोची चार टर्मिनल वापरात आहेत : २, ३, ४ आणि ५. (टर्मिनल १ हे २०१५ मध्ये बंद झालं.) २ आणि ३ यांचं रेल्वे स्थानक एकच, ४ आणि ५ यांची मात्र वेगवेगळी, तीही वेगळ्या फाट्यांवर. टर्मिनलांदरम्यानचा रेल्वेप्रवास मोफत आहे.

जलद म्हणजे काय? १९९८ पासून धावणारी हीथ्रो एक्सप्रेस टर्मिनल २-३ वरून सुमारे १५ मिनिटांत पॅडिंग्टनला पोचते. पण ती तिथेच संपते, आणि बहुतेकांना पुढे जायचं असतं. एलिझाबेथ लाइन पॅडिंग्टनपर्यंत जवळपास दुप्पट वेळ घेते; तरी नोव्हेंबर २०२२ पासून ती मध्य लंडनमधल्या भुयारी मार्गाने तशीच पुढे टॉटनहॅम कोर्ट रोड, लिव्हरपूल स्ट्रीटपर्यंत नेते. सामानासह गाडी बदलण्याचा वेळ धरला, तर एक्सप्रेसची आघाडी फारशी उरत नाही आणि ऐनवेळी काढलेलं तिकीट बरंच महाग पडतं. मुक्काम पॅडिंग्टनजवळच असेल, तर मात्र एक्सप्रेसच खरी जलद.

स्वस्त म्हणून पिकॅडिली लाइन सुचवली जाते. ती १९७७ पासून विमानतळाला जोडलेली आहे. मध्य लंडन गाठायला साधारण पाऊण ते एक तास. हा सल्ला हलक्या सामानापुरता योग्य आहे : तिच्या अनेक स्थानकांत पायऱ्या टळत नाहीत, एलिझाबेथ लाइनच्या सर्व स्थानकांत टळतात. तिन्हींवर काँटॅक्टलेस कार्ड चालतं. आत जाताना आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवावं.