प्रोसेसरची कसोटी: कोणते सॉफ्टवेअर, कशासाठी?

आमगावसारख्या तालुक्याच्या गावात सेवा केंद्रातले ऑनलाइन अर्ज, दाखले, छपाई हे सगळे बहुधा एकाच संगणकावर चालते. तो भर कामात हँग झाला, तर समोरच्या माणसाचा दिवस वाया जातो. म्हणून नवा संगणक जोडल्यावर किंवा जुना दुरुस्त केल्यावर प्रोसेसरवर मुद्दाम भार टाकून तो टिकतो का, हे पाहायलाच हवे. पण या चाचणीविषयी काही चुकीच्या समजुती पक्क्या बसल्या आहेत.

गैरसमज १: कोणतेही सॉफ्टवेअर चालते.
वस्तुस्थिती: सिनेबेंच मुळात वेग मोजते, प्रोसेसरची आकडेमोड बरोबर आली का, हे पडताळत नाही. प्राइम९५ ते पडताळते. १९९६ पासून मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या जिम्प्स प्रकल्पाचे हे मोफत सॉफ्टवेअर. त्याच्या चाचणीतील उत्तरे आधीच ठाऊक असतात, त्यामुळे गणित चुकले की ते लगेच कळते. त्यातला ‘स्मॉल एफएफटी’ हा पर्याय प्रोसेसर सर्वाधिक तापवतो, तर ‘ब्लेंड’ रॅमलाही कामाला लावतो.

गैरसमज २: सगळे कोअर पूर्ण भाराखाली टिकले, म्हणजे प्रोसेसर निर्धोक.
वस्तुस्थिती: सर्व कोअर राबत असताना प्रोसेसर आपला वेग थोडा उतरवतो. एखादाच कोअर कामात असतो तेव्हा वेग आणि व्होल्टेज दोन्ही सर्वांत वर जातात. दोष तिथेही लपलेला असू शकतो. त्यासाठी एकेक कोअर आळीपाळीने तपासणारे कोअरसायकलर वापरावे.

गैरसमज ३: चाचणीत नापास, म्हणजे प्रोसेसर खराब.
वस्तुस्थिती: स्मॉल एफएफटी तासभर सुरळीत चालले आणि ब्लेंड अडखळले, तर संशय आधी रॅमवर घ्यावा आणि मेमटेस्ट८६ चालवावे. संगणक एकदम बंदच पडत असेल, तर एसएमपीएस आणि कूलर तपासावा. कधी उपाय बायोसच्या अपडेटमध्ये असतो. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष प्राइम९५ चालवतानाच उघड झाला होता. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने तो मान्य केला आणि बायोस अपडेटने तो दूर झाला.

गैरसमज ४: अशा चाचणीने प्रोसेसर जळतो.
वस्तुस्थिती: कंपनीच्या मूळ सेटिंगवर चालणारा प्रोसेसर तापमानाची मर्यादा गाठताच स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही ताप वाढला तर बंद होतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअस असते. खरा धोका आहे तो हाताने व्होल्टेज वाढवण्यात.

गैरसमज ५: एकदा पास, कायमचा पास.
वस्तुस्थिती: आमगावकरांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कूलर आणि भार तेच असतील, तर खोली जितकी तापते, जवळपास तितकाच प्रोसेसरही तापतो. डिसेंबरमध्ये २० अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर राहिलेला प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९५ च्या घरात जातो. त्यात पंख्यात धूळ साचली, थर्मल पेस्ट वाळली, तर मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

त्यामुळे क्रम असा ठेवावा: एचडब्ल्यूइन्फोवर तापमान पाहत आधी स्मॉल एफएफटी, मग ब्लेंड, शेवटी रात्रभर कोअरसायकलर. आणि हिवाळ्यात घेतलेली चाचणी एप्रिलमध्ये, कॅबिनेट साफ करून, पुन्हा घ्यावी.