अभियांत्रिकीचा प्रवेश आणि हिंगोलीचा विद्यार्थी

दहावीची परीक्षा जवळ आली म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतून एकच प्रश्न चर्चिला जातो: मुलास अभियंता करावयाचें, तर त्यास नांदेडास ठेवावें कीं लातुरास? शिकवणीची फी, खोलीचें भाडें, खाणावळ यांचा हिशेब मांडला जातो. प्रसंगीं एकरभर जमीन विकण्याचीही भाषा निघते. परंतु ज्या परीक्षेसाठीं हा सारा खटाटोप, ती काय विचारते व किती वेळांत विचारते, याची चौकशी क्वचितच झालेली असते. ही माहिती फुकट मिळते. तेव्हां जमिनीचा विचार करण्यापूर्वीं ती मिळवावी, हें बरें.

परीक्षा मुख्यतः दोन. राज्यांतील महाविद्यालयांसाठीं सामायिक प्रवेश परीक्षा, जिला सर्वजण सीईटी म्हणतात; आणि आयआयटी, एनआयटी इत्यादि केंद्रीय संस्थांसाठीं जेईई. सीईटींत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकास २ गुण; भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचे प्रत्येकीं ५०, प्रत्येक प्रश्नास १ गुण. म्हणजे २०० पैकीं निम्मे गुण एकट्या गणिताचे झाले. दोन्ही शास्त्रांच्या १०० प्रश्नांस मिळून ९० मिनिटें, व गणितासही ९० मिनिटें. भागाकार करून पाहावा: शास्त्राच्या एका प्रश्नास ५४ सेकंद, गणिताच्या एका प्रश्नास १ मिनिट ४८ सेकंद. बोर्डाच्या परीक्षेंत पायऱ्या मांडल्याचे गुण मिळतात. येथें पायऱ्या कोणी पाहत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. क्ष² − ५क्ष + ३ = ० या समीकरणाच्या मुळांच्या वर्गांची बेरीज किती? सूत्रानें मुळें काढावयास बसलें, तर १३ चें वर्गमूळ आडवें येतें आणि पाऊण पान खर्ची पडतें. परंतु मुळांची बेरीज ५ व गुणाकार ३, हें समीकरणाकडे पाहतांच कळतें. हा संबंध दहावीच्या पुस्तकांतच दिलेला आहे. बेरजेच्या वर्गांतून गुणाकाराची दुप्पट वजा केली, म्हणजे २५ − ६, कीं उत्तर १९. उत्तर तोंडीच निघालें! अशी दृष्टि रोज दहा-बारा गणितें दोन-दोन रीतींनीं सोडविल्यानें येते, आणि तें काम हिंगोलींत, सेनगांवांत किंवा कळमनुरीसही होऊं शकतें. उत्तम शिक्षकाचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं; पण नवव्या-दहाव्या इयत्तेचें गणित कच्चें ठेवून जो परगांवीं जातो, त्याचें पहिलें वर्ष तेथें तेंच पुन्हा शिकण्यांत जातें.

सीईटीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्याच पुस्तकांचा आहे: सुमारें २० टक्के अकरावीचा, ८० टक्के बारावीचा. हीं पुस्तकें बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. हे आंकडे ऐकून अकरावी हें विश्रांतीचें वर्ष मानणारे पुष्कळ आहेत; परंतु अकरावीची त्रिकोणमिति न येणाऱ्यास बारावीचें कलन कसें कळणार?

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची खरी अडचण निराळीच आहे. सीईटीची गणिताची प्रश्नपत्रिका इंग्रजींतच असते. ज्यास गणित येतें, तोही शब्दापाशीं अडतो. म्हणून आठवीपासूनच एक वही करावी व तींत कर्ण म्हणजे हायपोटेन्यूज, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, अशी जोडी रोज लिहीत जावी. जेईई मेन मात्र २०२१ पासून मराठींतही देतां येते. तिच्यांत बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात व चुकलेल्यास १ गुण कापला जातो. सीईटींत चुकीबद्दल गुण जात नाहींत. म्हणून सीईटींत एकही प्रश्न कोरा सोडूं नये. जेईईंत मात्र अंदाजानें खुणा करूं नयेत.

परीक्षेइतकेंच महत्त्व कागदपत्रांस आहे. अधिवास, जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रीमीलेयर यांपैकीं एक कागद वेळेवर नसला, तर राखीव जागेचा हक्क हातचा जातो. जातवैधतेस महिने लागतात. अर्ज अकरावींतच करावा. मुलींच्या पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावें कीं, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस २०२४-२५ पासून व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षण-शुल्क पूर्ण माफ झालें आहे.

पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ पासूनचें, छत्रपति संभाजीनगरचें शासकीय महाविद्यालय १९६० चें. पण आपल्यास सर्वांत जवळची नामांकित संस्था म्हणजे नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था. ती १९८१ सालीं स्थापन झाली. हिंगोलीहून पूर्णेमार्गें आगगाडीनें नांदेड गांठतां येतें.

ज्या घरास बाहेर ठेवण्याचा खर्च झेपतच नाहीं, त्यानें हिंगोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनाचाही विचार करावा. तेथें दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो, पदविका तीन वर्षांची असते, आणि पुढें सीईटी न देतां पदवीच्या दुसऱ्या वर्षास जातां येतें. लोक ही वाट लांबची समजतात. बारावीवरून गेलें तर दोन आणि चार. पदविकेवरून गेलें तर तीन आणि तीन. दोन्हीकडून दहावीनंतर सहाच वर्षें.